कर्ज दोघांचं, हप्ता एकट्याचा: एका झेरॉक्स सेंटरचा हिशोब

हे माझंच प्रकरण आहे, त्यामुळे थोडा राग येईल मधेमधे, सांभाळून घ्या. मित्राचं नाव टाकत नाही, पतसंस्थेचंही नाही. आकडे मात्र सगळे वहीतले आहेत कारण शेवटी आकड्यांनीच काम केलं, बाकी बोलणं, ओरडणं, रुसणं हे सगळं पाण्यात गेलं.

सांगलीत विश्रामबागला कॉलेजच्या रस्त्यावर आम्ही दोघांनी झेरॉक्स सेंटर काढलं, २०२२ च्या जूनमध्ये. मी कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरला आहे, पगार ठरलेला, सुट्टी रविवार. तो शाळेपासूनचा मित्र, आधी एका झेरॉक्सच्या दुकानातच कामाला होता, मशीन उघडून ड्रम साफ करण्यापासून सगळं यायचं त्याला. त्याचं डोकं आणि हात, माझी पगाराची स्लिप, असा तो सौदा. भागीदारी शब्द कुणी उच्चारलासुद्धा नाही, मिसळ खाता खाता ठरलं की हप्ता अर्धा-अर्धा, नफा पण अर्धा-अर्धा, झालं.

पतसंस्थेतून ६ लाख काढले, द.सा.द.शे. १२, मुदत ४८ महिने, हप्ता १५,८००. म्हणजे प्रत्येकी ७,९००. दुकानाचा भाडेकरार आणि उद्यमची (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी त्याच्या नावावर म्हणून तो मुख्य कर्जदार, मी सहकर्जदार. पगारातून कपात करून घ्यायला हरकत नाही अशा कागदावर माझी सही घेतली, तेव्हा मी तो वाचला पण नाही, मॅनेजर पान उलटत होता आणि मी फुली दिसेल तिथं सही करत होतो. हातात आले ५ लाख ८१ हजार आणि काहीतरी, कारण शेअर्सचे १५ हजार आणि प्रोसेसिंग आधीच कापून घेतलं. त्यातून सेकंड हँड मोठं मशीन, गाळ्याचं डिपॉझिट १ लाख, काउंटर, इन्व्हर्टर, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, कागदाचा पहिला माल.

पहिलं वर्ष झकास गेलं. दर महिन्याच्या ८-९ तारखेला त्याचे ७,९०० माझ्या खात्यावर यायचे, यूपीआयच्या नोटमध्ये "हप्ता" लिहिलेलं असायचं, मी माझे घालून १० तारखेला पूर्ण हप्ता भरायचो. नफ्यातनं मला पाच-सहा हजार सुटायचे. असे १४ हप्ते गेले, ऑगस्ट २०२३ पर्यंत.

मग समोरच एक नवीन सेंटर आलं, एक रुपयाला पान. आम्ही दोन रुपये घेत होतो. त्यात पोरं सगळं मोबाइलवर पीडीएफ वाचायला लागलीत. सप्टेंबरला त्यानं ४,००० पाठवले, ऑक्टोबरला ३,०००, नोव्हेंबरला मेसेज आला, "भावा या महिन्यात जरा अडचणय, पुढच्या महिन्यात दोन्ही टाकतो". पुढचा महिना आलाच नाही. डिसेंबरमध्ये मला तिसऱ्याकडनं कळलं की गाळा सोडला, मशीन त्याच्या मेहुण्याच्या दुकानात गेलं, आणि डिपॉझिटचे १ लाख गाळामालकानं त्याच्या हातात दिले, कारण करार त्याच्या नावावर. मला फोन नाही, मेसेज नाही.

खरं सांगायचं तर पैशापेक्षा हे लागलं.

आता मी काय काय चुका केल्या ते आधी सांगतो. पहिली, शाळेच्या ग्रुपवर टाकलं की अमुक अमुक माझे पैसे बुडवून बसलाय. पंधरा मिनिटांत डिलीट केलं पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं, आणि त्यानंतर तो चार महिने माझ्यासमोर आला नाही. ज्याच्याकडनं पैसे काढायचेत त्याला तोंड दाखवायची लाज वाटेल असं केलं की पैसे लांबणारच, हे आज कळतं. दुसरी, वहिनींना फोन केला. त्यांना डिपॉझिटचं माहीतच नव्हतं, त्यांच्या घरात भांडण झालं, मला काय मिळालं त्यातून, शून्य. तिसरी, पोलीस स्टेशनला गेलो, जानेवारी २०२४ ला.

ठाण्यात हवालदार साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, किती हप्ते भरले त्यानं? म्हटलं चौदा. म्हणाले मग फसवणूक कुठंय, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जावा. मला तेव्हा वाटलं टाळतायत. पण मुद्दा बरोबर होता. फसवणुकीचा गुन्हा (तेव्हा ४२०, आता भारतीय न्याय संहितेत ३१८) लागायला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा असावा लागतो. चौदा महिने नियमित भरून मग थकलेला माणूस त्यात बसत नाही. नुसता शब्द मोडला म्हणजे गुन्हा नाही.

पतसंस्थेत गेलो तर तिथं अजून थंड पाणी. मॅनेजर म्हणाला, "तुमचं अर्धं-अर्धं तुमच्या घरात. आमच्याकडं दोघांची सही पूर्ण कर्जावर आहे." मी म्हटलं त्याचं अर्धं त्याच्याकडनं घ्या. तो म्हणाला घेऊ की, पण हप्ता चुकला की आधी तुमच्या कंपनीला पत्र जाईल. सहकार कायद्यात, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये, कलम ४९ खाली पगारातून कपात करता येते आणि कलम १०१ खाली संस्थेला थेट वसुली दाखला मिळतो, कोर्टात दावा लावत बसावा लागत नाही. मी लगेच विचारलं मला त्याच्याविरुद्ध १०१ मिळेल का. हसला तो. १०१ पतसंस्थेसाठी आहे, सभासदानं दुसऱ्या सभासदाकडनं वसूल करायला नाही.

म्हणजे माझ्यापुढं दोनच रस्ते होते, हप्ता बंद करून दोघांनीही बुडायचं किंवा पूर्ण १५,८०० एकट्यानं भरत राहायचं. मी भरत राहिलो. घरी बायको महिनाभर नीट बोलली नाही.

फेब्रुवारीत एका वकील मॅडमकडं गेलो, ऑफिस विजयनगरला, कोर्टाजवळच. अर्ध्या तासात त्यांनी जे सांगितलं ते मला सहा महिने आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पहिली गोष्ट, करार कायद्याचं (१८७२ चा) कलम ४३. दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर ज्याला द्यायचंय तो कुणा एकाकडनंही पूर्ण मागू शकतो, म्हणून पतसंस्था चुकीची नाही. पण ज्यानं पूर्ण भरलं तो दुसऱ्याकडनं त्याचा वाटा मागू शकतो, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर वाटा समान. म्हणजे कागद नसला तरी माझा हक्क कायद्यातच होता. फक्त तो जे भरून झालंय तेवढ्यापुरता. पुढचे हप्ते अजून मी भरलेलेच नाहीत तर त्याचे पैसे आज मागता येत नाहीत. मी तर "जवळजवळ चार लाखाचं कर्ज राहिलंय, अर्धे आणून दे" असं म्हणत फिरत होतो. आणि प्रत्येक जादा भरलेल्या हप्त्याची तीन वर्षांची मुदत वेगवेगळी चालते, एकदम नाही, सप्टेंबर २०२३ चं सप्टेंबर २०२६ ला संपणार, ऑक्टोबरचं ऑक्टोबरला.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. मी म्हटलं डिपॉझिट आणि मशीनचे पण अर्धे पाहिजेत. त्या म्हणाल्या, नफा अर्धा-अर्धा घेत होता ना? मग ती भागीदारी झाली, तोंडी असली तरी. आणि भागीदारी कायदा १९३२, कलम ६९, फर्म रजिस्टर नसेल तर भागीदाराला करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदाराविरुद्ध दावा लावता येत नाही. मी खुर्चीतच सरकलो. मग म्हणाल्या थांबा, अपवाद आहे, फर्म विसर्जित करा किंवा विसर्जित झालेल्या फर्मचा हिशोब द्या एवढं मागायला ही आडकाठी नाही. पण हिशोबाचा दावा म्हणजे वह्या, बिलं, साक्षी, वर्षानुवर्षं. म्हणून त्यांचं म्हणणं असं की दावा लावायच्या आधी एक प्रयत्न करा, त्याला बसवा, हिशोब लिहा आणि खाली त्याची सही घ्या, तारखेसकट. सही झालेल्या हिशोबावर तीन वर्षांची नवी मुदत सुरू होते आणि भांडण "कोण काय म्हणालं" यावरनं "या कागदावर काय लिहिलंय" यावर येतं.

आणि जिंकून तरी काय जप्त करणार होतो? घर त्याच्या वडिलांच्या नावावर. गाडी बायकोच्या नावावर. नोकरी नाही. डिक्रीचा म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याचा कागद फ्रेम करून लावला असता भिंतीवर.

व्हॉट्सॅपचं पण विचारलं. त्यानं दोन मेसेज "सगळ्यांसाठी डिलीट" केले होते, पण मी आधीच पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या चॅट पुरावा म्हणून चालतं पण सोबत प्रमाणपत्र लागतं (तेव्हा पुरावा कायद्याचं कलम ६५ ब, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३), आणि मूळ फोन विकू नका. मी नवीन फोन घेतला तरी जुना तो क्रॅक गेलेला अजून कपाटात आहे, महिन्यातून एकदा चार्ज करतो.

बसवायचं कसं हा प्रश्न होता. मी बोलावलं असतं तर आला नसता. त्याच्या मामांना गाठलं, मिरजेत असतात, लहानपणी आम्हा दोघांना आंबराईत न्यायचे. मामांना मी पैसे मिळवून द्या म्हटलं नाही, फक्त हिशोबाला बसवा म्हटलं. याचा फरक पडला असं मला वाटतं. लोकसभेच्या मतदानाच्या आदल्या रविवारी, ५ मे २०२४ ला, बाहेर प्रचाराच्या शेवटच्या रिक्षा ओरडत होत्या आणि आत आम्ही तिघं सतरंजीवर, मधे भडंगाची ताटली, कुणी हात लावला नाही तिला.

मी माझी यादी वाचली. एप्रिलअखेर मी जादा भरलेले: सप्टेंबरचे ३,९००, ऑक्टोबरचे ४,९००, आणि नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिन्यांचे ४७,४००. एकूण ५६,२००. डिपॉझिटचे अर्धे ५०,०००. मशीन त्याच्याकडं राहणार, मेकॅनिकनं किंमत ७०,००० सांगितली, त्याचे अर्धे ३५,०००.

मग तो बोलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाला, शेवटच्या तीन महिन्यांचं भाडं ८ हजारांप्रमाणे मी एकट्यानं दिलं, २४,०००. कागद-टोनरवाल्याची उधारी १४,००० मी भागवली. बरोबर होतं, ३८ हजारातले १९ माझ्या अंगावर. आणि मग म्हणाला, "तू रविवारी येऊन गल्ला मोजायचास. मी सकाळी नऊ ते रात्री नऊ उभा असायचो, माझ्या उभं राहण्याचं काय?"

मला उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. मी अर्धा नफा घेत होतो आणि कामाचा पगार कुणाच्याच डोक्यात आला नाही, चांगले दिवस होते तोवर चाललं. त्याच्या डोक्यात मात्र तो हिशोब वर्षभर चालू होता, म्हणूनच डिपॉझिट हातात आल्यावर त्याला ते आपलंच वाटलं असणार. माझ्या नजरेत चोरी, त्याच्या नजरेत राहिलेला पगार. मामांनी तोडगा काढला की धंदा तोट्यात गेल्यावरचे चार महिने, सप्टेंबर ते डिसेंबर, महिना ५ हजार मजुरी धरा, २०,०००, त्यातले अर्धे माझ्या अंगावर. आधीच्या महिन्यांत नफा घेतलाय दोघांनी, ते सोडा. तो कुरकुरला, मी पण कुरकुरलो, म्हणजे आकडा बरोबर असावा.

एकूण माझं येणं १,४१,२००. वजा १९,००० आणि १०,०००. राहिले १,१२,२००.

वहीचं पान फाडलं नाही, मॅडमनी आधीच मसुदा दिला होता, शंभराच्या स्टॅम्पवर (त्याच वर्षी ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात पाचशेचा झाला). त्यात तीनच गोष्टी होत्या. भागीदारीचा धंदा ३१ डिसेंबर २०२३ ला बंद झाला. दोघांनी हिशोब पाहिला, आजअखेर त्याच्याकडनं मला १,१२,२०० येणे. आणि मे २०२४ पासून कर्ज संपेपर्यंत तो दरमहा ७,९०० देणार. प्रत्येक पानावर सही, मामांची आणि शेजारच्या काकांची साक्ष. १,१२,२०० चे तीन चेक दिले, प्रत्येकी ३७,४००, तारखा १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर. मामा म्हणत होते रोख द्या-घ्या, चेक कशाला, पण २० हजार किंवा वरचं उसनं रोखीनं घेणं-फेडणं आयकराच्या नियमात बसत नाही, आणि रोखीचा पुरावा काय असतो ते मला आता चांगलंच कळलं होतं.

जूनचा चेक पास झाला. मे ते ऑगस्टचे ७,९०० पण आले. मला वाटलं सुटलो.

सप्टेंबरचा चेक गणपतीत टाकला, १२ तारखेला बँकेचा मेमो, शिल्लक अपुरी. त्या महिन्याचे ७,९०० पण नाहीत. फोन उचलत नाही. इथं मात्र मी ग्रुपवर गेलो नाही, सरळ मॅडमकडं गेलो, कारण चेकच्या केसमध्ये तारखा फार कडक असतात आणि अनेक जण तिथंच मार खातात. नोटीस मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत गेली पाहिजे. त्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला. ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार. आमची नोटीस २४ सप्टेंबरला गेली, २७ ला त्याला मिळाली, पंधरावा दिवस पडला १२ ऑक्टोबर, म्हणजे नेमका दसरा. आपटा द्यायला आला नाहीच तो. मी म्हटलं दिवाळी होऊ दे मग बघू, मॅडम म्हणाल्या अजिबात नाही, सुट्ट्यांच्या भरवशावर मुदत घालवू नका, आणि २३ ऑक्टोबरला तक्रार दाखल केली.

चेकच्या कायद्यात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ मध्ये शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं आहे, पण मला त्याला आत घालायचं नव्हतं. खरं बळ वेगळ्या ठिकाणी होतं. चेक कायदेशीर देण्यापोटी दिला असं कोर्ट गृहीत धरून चालतं, खोडायची जबाबदारी देणाऱ्यावर. "चेक नुसता सिक्युरिटीला दिला होता" हा नेहमीचा बचाव, तो आमच्याकडं चालला नसता कारण सहीच्या हिशोबात चेक नंबरासकट लिहिले होते. त्याच्या वकिलानं तो कागद बघितला आणि तिथंच सूर बदलला. मॅडम म्हणत होत्या की गरज पडली तर याच कागदावर समरी सूट पण लावू, त्यात समोरच्याला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचाव मांडायला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. गरज पडली नाही.

डिसेंबरचा चेक मी टाकला नाही. यावर माझे भाऊ-मेहुणे सगळे ओरडले. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, मला माहीत होतं. पण खात्यात पैसे नाहीत हे दिसत होतं, अजून एक केस म्हणजे अजून एक वकील फी, आणि त्याला वाटलं असतं की ह्याला पैसे नकोत, सूड पाहिजे. रक्कम कागदावर होतीच, चेक जुना झाला म्हणून देणं जात नाही.

समन्स दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा पोचलं तेव्हा मामांचा फोन, "मिटवूया". मार्च २०२५ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवलं. कोर्टात नेहमी असते त्यापेक्षा दसपट गर्दी, बँकांची टेबलं, वीजबिलाची थकबाकी, अपघाताचे दावे, आणि एका टेबलाशी आम्ही दोघं शेजारी-शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, शाळेत बाकावर बसायचो तसं. त्यानं विचारलं, आई कशी आहे. म्हटलं बरी आहे, गुडघा दुखतोय.

थकलेलं असं होतं: दोन चेकचे ७४,८००, आणि सप्टेंबर ते मार्च सात महिन्यांचे ५५,३००. १,३०,१००. व्याज, वकील फी मी धरलंच नाही. तडजोड १,१५,००० ला झाली. २५ हजार त्याच दिवशी माझ्या खात्यात, उरलेले ९० हजार दरमहा ६ हजार, पंधरा महिने, एप्रिल २०२५ ते जून २०२६, म्हणजे कर्ज संपतं त्याच महिन्यात हेही संपणार. डिसेंबरचा चेक परत केला. सलग दोन हप्ते चुकले तर राहिलेली सगळी रक्कम एकदम आणि ९ टक्के व्याज, हे कलम मॅडमनी हट्टानं घातलं.

१५,१०० सोडले म्हणून घरात अजून टोमणा बसतो. पण लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि चेकच्या केसमध्ये झालेला निवाडा पण तसाच अमलात आणता येतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्ट केलंय. त्यानं मोडला तर नवा दावा नाही, सरळ दरखास्त, म्हणजे निवाडा अमलात आणायचा अर्ज. पुढच्या तीन-चार वर्षांच्या तारखांपुढं पंधरा हजार मला स्वस्त वाटले. तुम्हाला वाटणार नाहीत कदाचित.

राहिला कर्जाचा चालू हप्ता, त्याचे ७,९००. याचं उत्तर कोर्टात नाही, पतसंस्थेत सापडलं, त्याच थंड मॅनेजरकडं. तो म्हणाला, हा माणूस आता मेहुण्याच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरतो, रोजची कमाई आहे, १० तारखेला एकदम आठ हजार याच्याकडं कधीच नसणार. पिग्मी लावा. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानात जातो, ३०० रुपये घेतो, मशीनमधनं पावती फाडून देतो. सव्वीस दिवसांचे ७,८०० होतात, वरचे शंभर तो घालतो, आणि पिग्मीतनं कर्ज खात्यावर वळवायचं पत्र त्यानं लिहून दिलंय. एप्रिल २०२५ पासून एकही हप्ता अडला नाही. जे काम नोटिशीनं, चेकनं, समन्सनं झालं नाही ते रोजच्या तीनशे रुपयांनी झालं. हे २०२३ मध्येच सुचायला पाहिजे होतं, मला किंवा त्याला किंवा त्या मॅनेजरला, पण मी तेव्हा ग्रुपवर लिहीत बसलो होतो.

आज डिसेंबर २०२५. सहा-सहा हजारांचे नऊपैकी आठ आलेत, ऑक्टोबरचा दिवाळीत राहिला, त्याचा मेसेज आला होता आधीच की पुढं देतो, सलग दोन नाहीत म्हणून मी पण गप्प. नोटमध्ये परत "हप्ता" लिहितो. भेटत नाही आम्ही. लग्नात वगैरे दिसलो तर मान हलवतो.

आणि आत्ता हे लिहायला कर्जाची जुनी फाइल काढली तेव्हा एक गोष्ट दिसली. सुरुवातीला शेअर्सचे १५ हजार कापले होते ना, ते मुख्य कर्जदाराच्या म्हणजे त्याच्या नावावर आहेत. मे २०२४ च्या कागदात ते आम्ही तिघंही विसरलो, मॅडम पण, लोकअदालतीत पण कुणाच्या लक्षात आलं नाही. जूनमध्ये कर्ज निल झाल्यावर त्यानं अर्ज केला की ती रक्कम त्याला परत मिळणार. त्यातले साडेसात हजार माझे. तडजोडीत "याव्यतिरिक्त एकमेकांवर काहीही येणे नाही" असं लिहून दोघांनी सही केलीये, त्यामुळे मागायला कागद नाही, फक्त तोंड आहे. अजून बोललो नाही त्याच्याशी.